ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं

सारिका मगदूमनं नवऱ्याचं पाप अंगावर घेतलं ते भर सकाळी, गार हवेच्या खोलीत, चांगल्या मऊ खुर्चीत बसून. आधी तिला चहा दिला होता, आलं घातलेला. पाप घेणं इतकं सोयीचं झालंय, हे तिच्या आईच्या वेळेला कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मिरजेतल्या त्या केंद्राचं नाव 'समभार'. मनानं खचलेली माणसं तिथं सकाळी यायची आणि जेवायच्या वेळेला घरी जायची. भरती नाही, खाट नाही, खिडकीला गज नाहीत. अट एकच, येताना आपलं एक माणूस बरोबर आणायचं. केंद्राच्या भाषेत तो सहश्रोता. बाहेर झाडाखाली बाकावर बसणाऱ्या पेशंटांनी त्याचं नाव ठेवलं होतं उतारा.

हे नाव तात्या घोरपड्यांनी काढलेलं. तात्या एसटीचे ड्रायव्हर. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना त्यांच्या गाडीखाली एक शाळकरी पोरगी आली होती. "तिकटीवर लिंबू-भात ठेवत्यात का न्हाई वैनी? ज्याच्यावरनं उतरला त्यो सुटला. वलांडणाऱ्याचं वलांडणारा बघंल," असं सांगून तात्या खो खो हसायचे. पूर्वी म्हणे ते अन्नाला शिवत नव्हते. आता डबा उघडून सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी वाटत फिरायचे. त्यांची धाकटी सून बाकाच्या टोकाला बसलेली असायची आणि रस्त्यावर हॉर्न वाजला की दोन्ही हातांनी बाक घट्ट धरायची. "हिला काय हुतंय? तरणी हाय," तात्या म्हणायचे. सारिकेनं हे पहिल्याच दिवशी बघितलं होतं. बघूनही ती आत गेली, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

यामागचं शास्त्र तसं अवघड नाही. आठवण म्हणजे दगडावरची रेघ असं आपण धरून चालतो, ते खोटं आहे. आठवण काढली की ती मेंदूत काही तास मऊ पडते, गुळाच्या ढेपेला ऊब लागावी तशी, आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यातली भीती, लाज, टोचणी सैल करता येते, एवढं जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. पुढं कुणीतरी दोन माणसांच्या डोक्यांवर संवेदकांच्या टोप्या घालून बघितलं तेव्हा एक विचित्र गोष्ट कळली. सांगणारा आणि ऐकणारा यांचा एकमेकांवर जीव असेल तर दोघांच्या मेंदूतल्या लहरी एका लयीत येतात, आणि नेमक्या त्या क्षणी यंत्रानं हलका चुंबकी धक्का दिला तर सांगणाऱ्याच्या आठवणीवरचा भार उतरतो. उतरतो म्हणजे नाहीसा होत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मेंदूत तसाच्या तसा उमटतो. काय घडलं ते सांगणाऱ्याला पुढंही आठवतं, पण त्या गोष्टीपुरती त्याची टोचणी मुळापासून जाते.

लय जुळली हे यंत्राला कसं कळायचं? इथं केंद्राच्या डॉ. इरावती बर्व्यांनी डोकं चालवलं. आपल्याकडं गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची रीत आहे. हं आला नाही तर सांगणारा थांबतो, "झोपलास का रे?" म्हणून विचारतो. मनापासून दिलेल्या हुंकाराबरोबर ऐकणाऱ्याचा श्वास सांगणाऱ्याच्या श्वासाला मिळतो, आणि यंत्र तोच क्षण पकडतं. वरवरचा हं यंत्राला चालत नाही. म्हणून समभारचा नियम अगदी साधा होता. सांगणाऱ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं.

मग ऐकणाऱ्याचं काय, या प्रश्नाला उत्तर तयार होतं. टोचणीचा हा काटा ऐकणाऱ्याला परका असतो, त्यामुळं तो रुजत नाही. विश्रांती घेतली, चार लोकांत मन मोकळं केलं की विरून जातो. प्रयोगात तसंच झालं होतं. प्रयोगातल्या ऐकणाऱ्यांना विश्रांती मिळाली होती आणि कुणापासून लपवायचं काही नव्हतं. घरोघरच्या सुना-बायकांना यातलं एकही मिळणार नव्हतं, पण सुना-बायकांवर प्रयोग झालाच नव्हता.

सारिकेच्या नवऱ्याचं, अभयचं, तासगाव रस्त्याला बेदाण्याचं शीतगृह होतं. मागच्या उन्हाळ्यात तिथं अमोनियाची नळी फुटली. बाकीची माणसं पुढच्या दारानं पळाली. मागच्या खोलीत बेदाणा निवडणाऱ्या दोघी, रेश्मा आणि नकुशा, मागच्या शटरकडं धावल्या. शटरला बाहेरून कुलूप होतं. पेट्या चोरीला जातात म्हणून अभयनं ते लावायला सुरुवात केली होती, आणि किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. शर्ट अंगात होता आणि अंग सांगलीत, एका साखरपुड्याच्या पंगतीत. धावत आल्यावर त्यानं आधी गुपचूप कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि मग आरडाओरडा केला. शटर गंजून अडकलं असं सगळ्यांनी मानलं. खरं काय ते त्याला माहीत होतं आणि त्यानं सांगितल्यामुळं सारिकेला.

त्यानं एक गोष्ट बघितली होती. नकुशाच्या नखांत निळा रंग भरला होता. शटरचा.

त्यानंतर अभय झोपेना. जेवायला बसला की ताट सारून सेफ्टी पिनेनं स्वतःची नखं कोरत बसायचा. एका सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तो उंबऱ्यात उभा राहिला. "पोलिसात जाऊन येतो," म्हणाला, दूध आणायला निघाल्यासारखा.

सारिका दारात आडवी झाली. "आणि जुईचं काय? लोक तिला काय म्हणतील, विचार केलाय? त्या दोघी परत येणारेत का तुम्ही आत जाऊन?" जुई त्यांची एकुलती एक, एकोणीस वर्षांची, सांगलीला कॉलेजात होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ते तिला कधी कळू द्यायचं नाही, हे सारिकेनं मनाशी पक्कं केलं होतं. दोन बायकांच्या जिवापेक्षा तिला लेकीचं नाव मोठं वाटलं. आईला वाटतंच. पण वाटणं वेगळं आणि दारात आडवं होणं वेगळं. "तिकडं मिरजेला चला," ती म्हणाली. "मी ऐकते. मला काय धाड भरलीय?"

तर असा तो चहा आणि ती मऊ खुर्ची. खोलीतलं बोलणं बाहेर ऐकू जात नसे. काचेपलीकडं डॉक्टरांना पडद्यावर फक्त लहरी दिसायच्या. अभयनं सगळं सांगितलं, कुलूप, किल्ली, पंगत, नखं. सारिका हं म्हणत गेली, लग्न झाल्यापासून म्हणत आली होती तशीच. तिसऱ्या-चौथ्या हुंकाराला तिच्या छातीत काहीतरी बसलं, ओल्या पोत्यासारखं जड. समोर अभयचे खांदे मात्र खाली आले.

गाडीत बसताना तो म्हणाला, "भूक लागलीय गं." कित्येक महिन्यांनी तो हे वाक्य बोलला होता. सारिकेला आनंदानं रडू आलं. निदान तिला तरी ते आनंदाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना तिला आपल्या नखांत निळं दिसलं. तिनं हात धुतले. पुन्हा धुतले. मग पिन शोधली.

डॉक्टरांनी चार लोकांत मन मोकळं करा म्हणून सांगितलं होतं. कुठल्या चार लोकांत? ती एकदा नकुशाच्या घरी गेली, साडी घेऊन. नकुशाच्या सासूनं पाट मांडला, चहा टाकला. "तुमच्या मालकांनी लई केलं बगा," म्हातारी म्हणाली. "शटर उचलताना हात सोलपटलं हुतं त्यांचं. द्येवमाणूस." सारिकेच्या घशापर्यंत शब्द आले होते. तेवढ्यात नकुशाची लहान पोर तिच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या बांगड्यांशी खेळायला लागली. सारिका साडी ठेवून तशीच निघून आली, आणि उसाच्या कडेला बसून ओकली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं अभयला म्हटलं, "अहो, सांगून टाकूया. तुम्ही जायला निघाला होता ना? मीच अडवलं. आता मीच म्हणते, चला."

अभय बडीशेप चघळत होता. "अगं, तेव्हा मी आजारी होतो," तो म्हणाला.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यानं खरंच विचार केला. खिशात किल्ली आहे का ते चाचपून बघावं तसा. "आठवतं सगळं," तो म्हणाला. "वाईट झालं. पण आता त्याचं काय करायचं? तू फार मनाला लावून घेतेस."

चौकशीला त्याला बोलावलं तेव्हा त्यानं इतक्या शांतपणे खोटं सांगितलं, की अधिकाऱ्यानंच त्याला पाणी विचारलं. प्रकरण मिटलं. रेश्मा आणि नकुशाचे फोटो शीतगृहाच्या ऑफिसात लागले, हार घालून. हार अभयनंच आणले होते.

मग एका दुपारी सारिका शीतगृहाच्या मागच्या खोलीत गेली आणि तिनं ते निळं शटर आतून ओढून घेतलं. जुई आईला शोधत तिथं आली नसती तर गोष्ट तिथंच संपली असती. जुईनं शटर वर ढकललं तेव्हा सारिका गारठून काळीनिळी पडली होती आणि तिच्या बोटांना रक्त होतं.

"मम्मी, काय करत होतीस?"

"बघत होते," सारिका म्हणाली. "किती वेळ लागतो ते."

अशा रीतीनं सारिका पुन्हा समभारला आली, या वेळी पेशंट म्हणून. जुई हट्टानं बरोबर आली होती. तिला एवढंच ठाऊक होतं, की पप्पांच्या आजारपणात मम्मी दमली आणि आता मम्मी जगायला तयार नाही.

"श्रोता कोण?" डॉ. बर्व्यांनी विचारलं.

"हे," सारिकेनं अभयकडं बोट केलं. ज्याचं होतं त्याला परत, यात अन्याय नव्हता. "आणि डॉक्टर, माझ्या मुलीला टोपी घालायची नाही. मी मेले तरी नाही."

"तुम्ही म्हणाल तसं. फक्त एक लक्षात ठेवा. आठवण एकदा उघडली की शेवटपर्यंत सांगायची. मध्येच सोडली तर ती आधीपेक्षा घट्ट बसते. तुमच्या बाबतीत तसं झालं तर मला भीती वाटते." डॉक्टर बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती. जुई शेजारी उभी राहून हे ऐकत होती.

टोप्या चढल्या. सारिका नवऱ्यासमोर बसली आणि सांगायला लागली.

"नकुशाच्या नखांत निळा रंग होता."

अभय तिच्याकडं मायेनं बघत होता. हं आला नाही.

"कुलूप तुम्ही लावलं होतं. किल्ली तुमच्या खिशात होती."

खोलीतलं यंत्र बारीक गुणगुणत होतं. भिंतीवरच्या स्पीकरमधून डॉक्टरांचा आवाज आला, "मगदूम, हुंकार द्या."

"ऐकतोय की मी," अभय म्हणाला.

"मनापासून द्या."

"आत काही हलतच नाही हो डॉक्टर. मला सगळं माहीतच आहे, त्यात नवीन काय?" त्यानं टोपी काढली, केस सारखे केले आणि टोपी टेबलावर नीट ठेवली. एकदा उतरवलेलं ओझं कोण शहाणा परत डोक्यावर घेईल? त्याला ते नको होतं. आणि नको म्हणायची लाज त्याच्याकडं उरलेली नव्हती, कारण ती लाज सारिकेकडं होती.

उघडलेली आठवण सारिकेच्या आत उभी होती. डोळे मिटले तरी शटर, उघडले तरी शटर.

दार ढकलून जुई आत आली. तिनं टेबलावरची टोपी उचलली. "पप्पा, सरका," म्हणाली. अभय उठला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. डॉक्टर स्पीकरमधून काहीतरी म्हणाल्या, पण मागोमाग आत आल्या नाहीत. पडद्यावर त्यांना सारिकेच्या लहरी दिसत होत्या, आणि त्या बघून हे मध्येच थांबवायचा त्यांना धीर झाला नसावा.

"जुई, बाहेर जा."

"डॉक्टर काय म्हणाल्या मी ऐकलंय. अर्धवट सोडलंस तर तू परत ते शटर ओढणार."

"तुला माझी शपथ आहे."

"शपथ मोडली तर तू मरशील, एवढंच ना?" जुई टोपीचा पट्टा आवळत होती. "न मोडता पण मरतेयसच. लहानपणी गोष्ट सांगताना मी हं नाही म्हटलं तर थांबायचीस. आता मी म्हणते. सांग."

सारिकेनं ओठ घट्ट मिटले. बोलायचंच नाही. दात तुटले तरी चालेल. पोरगी समोर बसून वाट बघत होती, तिच्या केसांची बट टोपीतून बाहेर आली होती, आणि सारिकेला वाटलं, हिला इथून हाकलायला एकच उपाय आहे. आईबापांची किळस आली की ही उठून जाईल. जीवच उडाला तर लय जुळणार नाही, यंत्र काय करील? हा हिशोब तिनं लेकीला वाचवायला केला होता, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

"तुझ्या बापानं दोन बायका मारल्यात," ती म्हणाली. "आणि ते कबूल करायला निघाले होते, त्यांना मी अडवलं."

जुई कोपऱ्यातल्या बापाकडं वळून बघेल, उठेल, दार आपटून जाईल, असं सारिकेला वाटलं. जुईनं मान खाली घातली, मोठा श्वास घेतला आणि वर बघितलं.

"हं," ती म्हणाली.

तो हं खरा होता. यंत्राची गुणगुण एका क्षणापुरती बदलली. सारिकेच्या छातीवरचं ओझं बोटभर सरकलं, आणि किती महिन्यांनी तिला पुरता श्वास आला. आता थांबायचं, तिनं स्वतःला बजावलं. एक श्वास मिळाला, पुष्कळ झालं. पण जी टोचणी तिला थांबवणार होती तीच थोडी कमी झाली होती.

"ते कुलूप पप्पांनी लावलं होतं," ती म्हणाली.

"हं."

आता थांबायला हवं, हे तिला अजून कळत होतं. कळत होतं, पण बोचत नव्हतं. "किल्ली त्यांच्या खिशात होती. ते पंगतीत जेवत होते."

"हं." जुईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"नकुशाच्या नखांत शटरचा रंग होता. निळा. तिच्या पोरीला मी मांडीवर घेतलं, तरी सांगितलं नाही."

"हं."

मग सारिका सांगतच गेली. म्हातारीचा पाट, चहा, उसाची कड, ऑफिसातले फोटो, काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी शेवटी तर तिचा आवाज शेजारणीला सिनेमाची गोष्ट सांगावी तसा मोकळा झाला होता. कोपऱ्यात अभय फोनवर बेदाण्याचा भाव बघत होता.

डॉ. बर्वे आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "इतकी सुंदर लय मी आजवर पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या. "आई आणि मुलगी! आम्ही हा विचार आधीच करायला हवा होता." त्यांनी जुईच्या पाठीवर हात ठेवला. "चार दिवस विश्रांती घे. कुणाशी तरी बोल."

"कुणाशी?" जुईनं विचारलं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला.

बाहेर झाडाखाली तात्या डबा उघडून बसले होते. त्यांच्या सुनेनं जुईकडं एकदा बघितलं आणि बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली.

"बसायला वेळ नाही, चल," सारिका म्हणाली.

गाडी मिरजेतून बाहेर पडली. ऊन छान पडलं होतं. सारिकेनं खिडकीची काच खाली घेतली, वारा तोंडावर घेतला, आणि आपल्याला काय होतंय ते तिला नीट ओळखता येईना. मग ओळखलं.

"अहो, भूक लागलीय," ती म्हणाली.

"थांबूया की," अभय म्हणाला. दोघं एकमेकांकडं बघून हसले. किती दिवसांनी ते बरोबर हसले होते.

आरशात मागची सीट दिसत होती. जुईनं केसातली पिन काढली होती आणि मान खाली घालून ती डाव्या हाताच्या नखांत काहीतरी कोरत होती. अंगठा झाला, मग पुढचं बोट. सारिकेला समजलं. कुणापेक्षाही चांगलं समजलं. हीच ती गोष्ट, जी होऊ नये म्हणून तिनं मरायचीसुद्धा तयारी ठेवली होती. आता आपल्या पोटात खड्डा पडेल म्हणून तिनं थोडी वाट बघितली. पोटात भूक होती, दुसरं काही नव्हतं.

सांगलीत शिरताना भडंगाच्या दुकानापाशी अभयनं गाडी थांबवली.

"जुई, तुला घेऊ का गं?" सारिकेनं विचारलं.

मागं जुईची पिन करंगळीपर्यंत पोचली होती. सारिकेनं दोघांपुरतं सांगितलं, कांदा जास्त घालून.